शिवशिवणाऱ्या हातांसाठी प्रवाळाची टाकी

प्रवाळाची टाकी लावायचं मनात आलं की माणूस आधी मासा पसंत करतो. मग माशाला टाकी, टाकीला दिवा, आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी, नळाखाली बादली लावताना. हा क्रम उलटा धरा. पहिले दीड-दोन महिने तुम्ही फक्त पाणी पाळणार आहात. त्यात बघण्यासारखं काही नसतं, घरी येणारा प्रत्येक जण "मासे कुठायत?" विचारतो आणि तुमचे हात शिवशिवायला लागतात. मी पाहिलेल्या फसलेल्या टाक्यांपैकी बहुतेक या शिवशिवीपायीच फसल्या. आळशी माणसाची टाकी त्या मानाने बरी चालते. म्हणून काय करायचं हे तर पुढे आहेच, पण हात खिशात कधी ठेवायचे तेही जागोजागी सांगितलं आहे.

टाकी आणि तिची जागा

"छोटीपासून सुरुवात करू, जमलं तर मोठी घेऊ" हा हिशेब इथे अंगलट येतो. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वीस लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडालं की ३५ पीपीटीची (म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता जवळजवळ ३७ वर जाते. दोनशे लिटरमधून तेवढंच उडालं तर काटा जेमतेम हलतो. नवख्याने १५० ते २०० लिटरच्या दरम्यान राहावं. ९० सेंटिमीटर लांब आणि ४५-४५ सेंटिमीटर रुंद-उंच टाकीत १८२ लिटर मावतात आणि दगड रचायला खोलीही पुरेशी मिळते.

पाणी, दगड, वाळू, काच आणि स्टँड मिळून अशी टाकी तीनशे किलोच्या आसपास जाते. ती भिंतीलगत, पक्क्या जमिनीवर ठेवा. स्टँड पाणसळीने तपासा आणि थेट उन्हाची जागा टाळा. भरल्यावर ती सरकवता येत नाही, त्यामुळे मागे हात जाईल एवढी फट आताच सोडा.

खाली सम्प ठेवता आला तर जरूर ठेवा. सम्प म्हणजे दुसरी, साधी टाकी: वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून तिच्यात पडतं, हीटर आणि स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) तिच्यातच लपतात आणि रिटर्न पंप पाणी परत वर फेकतो. पण वीज गेल्यावर काय होतं हे समजल्याशिवाय सम्प लावू नका. पंप थांबला की रिटर्नचा पाइप उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत वरचं पाणी खाली ओढत राहतो. हे तोडायला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपला एक बारीक छिद्र पाडतात. पातळी उतरली की छिद्रातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. माझ्या पहिल्या टाकीला असं छिद्र होतं. त्यात एक इवलीशी गोगलगाय जाऊन बसली, आणि वीज नेमकी त्याच रात्री गेली. सकाळी अंथरुणातून उतरून पाय सतरंजीवर ठेवला तेव्हा आलेला 'चप्प' आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हापासून रिटर्नचं तोंडच मी पातळीच्या दोन सेंटिमीटर खाली ठेवतो, छिद्राच्या भरवशावर राहत नाही. तुम्ही कोणताही जीव आणण्याआधी साध्या पाण्यावर सगळी यंत्रणा चालवा, मेन स्विच बंद करा आणि दहा मिनिटं सम्पकडे बघत बसा. पाणी काठाखाली थांबलं तर पंप परत सुरू करून, चालू पंपावरची पातळी मार्करने आखून ठेवा. सम्पमध्ये पाणी या रेषेच्या वर कधी भरायचं नाही.

विजेचं आणखी एक. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळावरून जमिनीवर टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. गळतीचा करंट ओळखून तुटणारा ब्रेकरही हवाच. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं.

बाकी सामान थोडक्यात. हीटर एका मोठ्याऐवजी दोन छोटे घ्या. एक चालू अवस्थेत अडकला तरी एकटा टाकी उकळू शकत नाही. तापमान २५-२६ अंशांवर स्थिर राहू द्या. वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह खेळवणारा पंप, असा हवा की टाकीतलं पाणी तासाला निदान वीसेक वेळा फिरेल. दिव्याबद्दल दुकानात तासभर बोलता येतं, पण मऊ प्रवाळांना ५० ते १५० पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो आणि निळ्या-पांढऱ्या एलईडीचा कोणताही बरा दिवा तेवढा देतो. स्किमर पहिल्या महिन्यात नसला तरी चालेल.

पाणी

इथे घाई नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी पाइपांमधून उतरलेलं तांबंही असतं हे कमी जणांना. माणसाला त्याने काही होत नाही, पण शेवाळाला ते खत आहे आणि तांबं तर बिनकण्याच्या जीवांना विषच. म्हणून आरओ-डीआयचं पाणी वापरायचं, म्हणजे आरओनंतर उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनमधून गेलेलं, ज्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य येतो. पिण्याच्या आरओमध्ये शेवटचा डीआयचा टप्पा नसतो आणि बऱ्याच यंत्रांत चवीसाठी खनिजं परत घालतात, त्यामुळे ते पाणी इथे चालत नाही. टीडीएस मीटर खिशात मावतो. आकडा शून्यावरून चढायला लागला की रेझिन बदला.

मीठ म्हणजे रीफसाठी, अर्थात प्रवाळाच्या टाकीसाठी, बनवलेलं समुद्री मीठ. स्वयंपाकाचं नव्हे आणि गोड्या पाण्याच्या माशांना औषध म्हणून देतात तेही नव्हे. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. नेमका आकडा पाकिटावर असतो. झाकणाच्या ड्रममध्ये आधी पाणी घ्या, त्यात छोटा पंप आणि हीटर सोडा, आणि मग चालत्या पाण्यात मीठ थोडं थोडं, मुठीने पेरल्यासारखं टाका. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तळाशी ढीग असताना वरून पाणी पडलं की तेवढ्या जागी द्रावण इतकं दाट होतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून चुन्यासारखे खाली बसतात. ते परत विरघळत नाहीत आणि ज्या दोन गोष्टींसाठी महागातलं मीठ घेतलं त्याच ड्रमच्या तळाशी चिकटून राहतात. नीट मिसळलं तर पाणी आधी ताकासारखं गढूळ दिसतं, मग राखाडी होतं आणि काही तासांनी ड्रमच्या तळाचा शिक्का वाचता येईल इतकं नितळ होतं. मी रात्री लावतो आणि सकाळी मोजतो.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर मीही वापरला आहे. त्याच्या काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात, काटा हलका होऊन वर जातो आणि प्रत्यक्षापेक्षा जास्त क्षारता दाखवतो. दोन महिने मी विशिष्ट गुरुत्व १.०२५ समजत होतो ते खरं १.०२१ होतं, आणि प्रवाळं का मिटलेली आहेत म्हणून दिव्याला दोष देत होतो. रिफ्रॅक्टोमीटरही नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावून सोडू नका. ३५ पीपीटीचं तयार प्रमाण-द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६.

एक गोंधळ प्रत्येक नवख्याचा होतो. पाणी उडून कमी झालं की भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याची, कारण मीठ टाकीतच आहे. पाणी बदलताना, म्हणजे जुनं काढून नवं घालताना, मात्र खारं पाणी. ही भर रोज हाताने घालता येते, पण पातळी ओळखून आपोआप भर घालणारं ऑटो टॉप-ऑफ हे या छंदातलं मला सगळ्यात आवडतं यंत्र आहे. क्षारता स्थिर राहते आणि तुम्ही टाकीपासून लांब राहता.

दगड, वाळू आणि रिकामे आठवडे

दगड दोन तऱ्हेचे मिळतात. लाइव्ह रॉक ओला, जिवाणूंनी आणि किड्यामुंग्यांसारख्या असंख्य जीवांनी भरलेला. त्याच्यासोबत नको असलेले पाहुणेही येतात. ड्राय रॉक कोरडा आणि स्वच्छ, पण जिवंतपणा यायला त्याला महिने लागतात. बहुतेक ड्राय रॉक आणि त्यावर एक-दोन तुकडे चांगल्या टाकीतल्या लाइव्ह रॉकचे, हा माझ्या मते उत्तम मध्यममार्ग. रचना आधी जमिनीवर पुठ्ठ्यावर करून पाहा. भिंतीसारखी चळत रचू नका. मधून पाणी वाहू द्या आणि काचेपासून घासणीचा हात जाईल इतकं अंतर ठेवा. दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि वाळू नंतर घाला. वाळूवर दगड ठेवला आणि खालून कुणी भुयार केलं तर ढिगारा कोसळतो. वाळू अ‍ॅरागोनाइटची, एक ते दोन मिलिमीटर दाण्याची. तीन-चार सेंटिमीटरचा थर पुरे.

आता सायकल. मासा अमोनिया सोडतो आणि अमोनिया विषारी आहे. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू जवळपास नसतातच आणि ते फार सावकाश वाढतात. त्यांची वस्ती बसेपर्यंत त्यांना खाऊ घालायचं, एवढंच काम. बाटलीतले जिवाणू ओता, मग अमोनियम क्लोराइडचं द्रावण टाकून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) न्या. कोळंबीचा तुकडा कुजत ठेवण्याची जुनी पद्धतही चालते, पण मोजमाप आपल्या हातात राहत नाही आणि घर वास मारतं. जिवंत मासा टाकून सायकल करणं मात्र क्रूरपणा आहे.

या काळात दिवे बंद ठेवा. शेवाळाशिवाय कुणालाच त्यांचा उपयोग नाही. दोन-तीन दिवसांनी एकदा अमोनिया आणि नायट्राइट मोजा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि नव्या माणसाची झोप उडवतं. समुद्राच्या पाण्यात भरपूर क्लोराइड असल्याने नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं बाधत नाही. ते फक्त सायकल कुठवर आली ते सांगतं. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटची चाचणीही फुगवून आकडा दाखवते, म्हणून ती आता करूच नका. ज्या दिवशी २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत दोन्ही शून्य येतील त्या दिवशी सायकल झाली. तीन ते सहा आठवडे धरा. मग मोठा पाणीबदल करा.

हाताला चाळा हवाच असेल तर या आठवड्यांत वेव्हमेकरची दिशा बदलून बघा. १८४६ साली अ‍ॅना थाइन या बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळं लंडनला घरी आणली होती. पंप नव्हते, त्यांच्याकडे घरकामाला असलेली मुलगी उघड्या खिडकीसमोर समुद्राचं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची, आणि प्रवाळं जगली. वेव्हमेकर तेच करतो. पृष्ठभाग सारखा थरथरता राहिला पाहिजे, त्यावर तेलकट साय धरता कामा नये.

तपकिरी दिवस

दिवा सुरू केला की पंधरवड्यात वाळूवर तपकिरी भुकटी पसरते. हे डायटम. ते सिलिकेटवर जगतात, आणि सिलिकेट संपलं की बहुधा आपोआप ओसरतात. त्यांच्या मागून हिरवे केसाळ शेवाळ किंवा लालसर, चिकट, चादरीसारखा निघणारा सायनोबॅक्टेरियाचा थर येऊ शकतो. मी पहिल्या वेळी दगड बाहेर काढून ब्रशने घासले. अख्खी दुपार गेली, दगड पांढरे झाले आणि दहा दिवसांनी सगळं होतं तसं. घासताना मी तिथे स्थिरावू पाहणारे बाकीचे जीवही धुऊन टाकले होते.

हात खिशात ठेवण्याची सगळ्यात मोठी वेळ हीच. दिवा आठ तासांवर आणा, खाणं कमी करा आणि गोगलगाई आणा. ट्रोकस उत्तम, उलटी पडली तर स्वतः सरळ होते. टर्बो जास्त खाते, पण वाटेत येईल ते ढकलत जाते. नासारियस वाळूत दडते आणि अन्नाचा वास आला की सोंड वर काढत बाहेर येते. शंभर लिटरला सात-आठ गोगलगाई घ्या, लागल्या तर नंतर वाढवा. एकदम चाळीस आणल्या तर महिन्याभरात त्यांची उपासमार होते.

आणि नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. प्रवाळालाही ते थोडे लागतात, आणि दोन्ही संपलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स नावाची बुडबुडे धरलेली, शेंबडासारखी लोळणारी पीडा येते. तिच्यापुढे केसाळ शेवाळ परवडलं. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात निवांत राहा.

मासे

पहिली जोडी ओसेलॅरिस क्लाउनफिशची घ्या, पैदास केंद्रातली. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. म्हणून एक लहान आणि एक जरा मोठं असं पिल्लू निवडलं की भांडण कमी होतं. त्यांना समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) लागतंच असं नाही. रॉयल ग्रामा गुणी मासा. फायरफिशही, पण तो उडी मारतो, तेव्हा टाकीवर जाळीचं झाकण हवं. मँडरिन कितीही देखणा असला तरी आता नको. तो दिवसभर बारीक कोपेपॉड टिपत असतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. टँगला तुमची टाकी पुरणार नाही. आणि माशाला दुकानात तुमच्या डोळ्यांदेखत खाऊन दाखवायला सांगा. जो खात नाही तो घेऊ नका.

नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही. चाळीसेक लिटरची, वाळू-दगड नसलेली टाकी, एक स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे तुकडे, आणि तिथे चार ते सहा आठवडे. अंगावर मिठाचे दाणे दिसावेत तसे ठिपके आले तर तो समुद्री इक, म्हणजे क्रिप्टोकॅरियन. त्याचं तांब्याचं औषध या वेगळ्या टाकीतच द्यायचं. प्रवाळाच्या टाकीत तांबं गेलं की गोगलगाई, कोळंब्या, प्रवाळं सगळ्यांचाच निकाल लागतो. एकदा इक मोठ्या टाकीत शिरला तर सगळे मासे काढून ती ७६ दिवस बिनमाशांची ठेवण्याचा रिवाज आहे. सहा आठवडे त्यापेक्षा स्वस्त पडतात.

प्रवाळ

मासे रुळले, डायटम ओसरले, आकडे महिनाभर जागचे हलले नाहीत, की पहिला फ्रॅग आणा. फ्रॅग म्हणजे पाळलेल्या प्रवाळाचा छाटलेला तुकडा, छोट्या बुंध्यावर चिकटवलेला. समुद्रातून काढलेलं प्रवाळ घेऊ नका. कठीण प्रवाळांचा व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि अनेक देशांचे स्वतःचे नियम त्याहून कडक आहेत. आपल्याकडचा नियम आधी वाचा.

सुरुवात मश्रूम, लेदर, केनिया ट्री या मऊ प्रवाळांनी करा. ग्रीन स्टार पॉलिप सुंदर दिसतो, पण मुख्य दगडावर बसवलात तर वर्षभरात दगड त्याच्या मालकीचा होतो. त्याला मागच्या काचेवर किंवा वाळूतल्या एकट्या दगडावर ठेवा. झोअँथिड सोपे आणि रंगीत, मात्र त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू नका, कोरडे घासू नका, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका किंवा त्यावर गरम पाणी ओतू नका. त्या वाफेने माणसं इस्पितळात गेली आहेत.

आणलेला फ्रॅग आधी कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे झाडणाऱ्या औषधी पाण्यात, बुडवा आणि हलवा. तळाशी काय काय गळून पडतं ते पाहिलं की ही पायरी तुम्ही कधी वगळणार नाही. मग दोन-तीन आठवडे खाली, कमी उजेडात. प्रवाळाच्या मांसात राहणारी सूक्ष्म शेवाळं त्याला बहुतेक ऊर्जा पुरवतात. एकदम झगझगीत दिव्याखाली ठेवलं तर प्रवाळ ती बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. चिकटवायला जेलचा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद चालतो. एकदा चिकटवल्यावर जागा बदलत बसू नका. आज मिटलेलं प्रवाळ उद्या उघडतं. तुम्ही उचललंत तर परवा. हॅमर किंवा फ्रॉगस्पॉन घेतलात तर भोवती पंधरा सेंटिमीटर मोकळे सोडा, रात्री त्यांच्या लांब शुंडा शेजाऱ्याला डंख मारतात.

कठीण प्रवाळं वाढू लागली की ती पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (मुख्यतः विरघळलेली कार्बोनेटं, डीकेएचमध्ये मोजतात) ओढतात. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. यातली अल्कलिनिटी सगळ्यात चंचल, आठवड्याला मोजा. कमी झाली तर दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. साडेसातवर स्थिर असलेली टाकी सात-दहा-आठ अशा उड्या मारणाऱ्या टाकीपेक्षा कधीही बरी. मऊ प्रवाळांपुरतं पाणीबदलातून मिळतं तेवढं पुरतं. समुद्रफूल वर्षभर तरी आणू नका. ते चालतं, आणि चालत चालत वेव्हमेकरमध्ये गेलं की टाकीभर त्याचा कीस होतो.

आठवड्याचं काम फार नसतं: काच पुसा, स्किमरचा पेला धुवा, क्षारता आणि अल्कलिनिटी मोजा, दहा टक्के पाणी बदला. हात घालण्याआधी साबण आणि क्रीम पूर्ण धुऊन टाका.

गावाला जाणार असाल तर टाकी बघायला येणाऱ्या शेजाऱ्याला फक्त दोन गोष्टी शिकवा: टॉप-ऑफची टाकी भरणं आणि मेन स्विच कुठे आहे ते. खाणं दिवसागणिक गोळ्यांच्या डबीच्या कप्प्यांत भरून ठेवा, एका दिवसाला एकच कप्पा. क्लाउनफिश काचेशी येऊन असे काही नाचतात की शेजाऱ्याला ते उपाशीच वाटणार, तेव्हा खाण्याचा मोठा डबा कपाटात ठेवा आणि किल्ली सोबत न्या.